विस्मृत देवाची निर्मिती : 'तुंबाड' चित्रपटातील मिथक आणि इतिहास

प्रास्ताविक

दिनांक १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला 'तुंबाड' हा चित्रपट भाषेने हिंदी असला, तरी त्याची भूमी, माणसे आणि भय ही सर्व मराठी आहेत. कोकणातील एका गावात, अखंड कोसळणाऱ्या पावसात, एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांत ही कथा घडते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे मराठीतील लेखक अनिल बर्वे यांचे पुत्र होत. सहदिग्दर्शन आदेश प्रसाद यांचे, सर्जनशील दिग्दर्शन आनंद गांधी यांचे, छायालेखन पंकज कुमार यांचे असून निर्मिती व प्रमुख भूमिका अशा दोन्ही बाजू सोहम शाह यांनी सांभाळल्या आहेत. २०१८ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ याच चित्रपटाने झाला आणि असा मान मिळविणारा तो पहिला भारतीय चित्रपट ठरला. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी त्याला बेताचाच प्रेक्षक लाभला. मात्र १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. सहा वर्षांच्या अवधीत या चित्रपटाभोवती एक मोठा तरुण प्रेक्षकवर्ग निर्माण झाला होता, असा याचा अर्थ होतो.

या प्रेक्षकवर्गात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची संख्या लक्षणीय आहे आणि त्यांच्याकडून एक प्रश्न सहजपणे विचारला जातो : 'हस्तर' या देवाची कथा कोणत्या पुराणात आहे? या प्रश्नाचे सरळ उत्तर 'कोणत्याही नाही' असे आहे. परंतु एवढ्या उत्तराने प्रश्न संपत नाही. निव्वळ कल्पित असलेला देव सुशिक्षित प्रेक्षकालाही आपल्या परंपरेतील एखादा हरवलेला देव का वाटावा, हा खरा अभ्यासविषय होय. चित्रपटाची चर्चा बहुधा 'लोभाचे दुष्परिणाम' या बोधाभोवतीच फिरते. चित्रपटाच्या आरंभीच तो बोध सूचित केलेला असल्याने समीक्षकांनी तो उचलून धरावा हे स्वाभाविकच आहे. तथापि बोधकथा म्हणून पाहिल्यास या चित्रपटातील सर्वांत कुशल गोष्ट नजरेतून निसटते. एका नव्या मिथकाला जुनेपणाचा विश्वासार्ह मुलामा कसा चढविला जातो, ही ती गोष्ट होय. प्रस्तुत लेखात त्याच प्रक्रियेचा विचार केला आहे.

कथानकाची रूपरेषा

चित्रपटाची सुरुवात एका पित्याने मुलाला सांगितलेल्या कथेने होते. समृद्धीची देवी ही अमर्याद सोने आणि अमर्याद धान्य यांची अधिष्ठात्री असून पृथ्वी हा तिचा गर्भ आहे. तिने सोळा कोटी देवांना जन्म दिला. तिचे पहिले अपत्य म्हणजे हस्तर. त्याने सोने हस्तगत केले. परंतु धान्याकडे हात वळविताच इतर देवांनी त्याच्यावर हल्ला चढविला. मातेने त्याला वाचविले, पण एका अटीवर : त्याची पूजा कधीही होणार नाही आणि जग त्याला विसरून जाईल. तुंबाडमधील एका घराण्याने मात्र त्याचे मंदिर बांधले आणि देवांचा कोप पावसाच्या रूपाने त्या गावावर कायमचा बरसू लागला.

यानंतरची कथा तीन अध्यायांत विभागली आहे. १९१८ मध्ये विनायक हा लहान मुलगा आई व धाकटा भाऊ सदाशिव यांच्यासह तुंबाडमध्ये राहतो. विधवा आई 'सरकार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृद्ध धन्याची सर्व प्रकारची सेवा करते, ती वाड्यातील सोन्याच्या एका मुद्रेच्या आशेने. घरात सरकारच्या घराण्यातील एक अतिवृद्ध, विद्रूप आजी साखळदंडात कोंडलेली आहे. तिला वेळेवर भरवावे लागते आणि हस्तरचे नाव उच्चारताच ती झोपी जाते. सरकार मरतो, सदाशिव अपघातात दगावतो आणि आई विनायकला घेऊन पुण्याचा रस्ता धरते. पुन्हा तुंबाडला जाणार नाही असे वचन ती त्याच्याकडून घेते. १९३३ मध्ये तरुण विनायक ते वचन मोडून परततो, आजीकडून खजिन्याचे गुपित मिळवितो आणि वाड्यातील विहिरीतून देवीच्या गर्भात उतरण्याची रीत आत्मसात करतो. १९४७ मध्ये तो आपल्या पांडुरंग या मुलाला त्याच रीतीचे शिक्षण देतो. पुढे जे घडते त्याचा विचार शेवटी येईल.

'हस्तर' या नावाचा प्रवास

हस्तर हे नाव ऐकताना 'हस्त' हा संस्कृत शब्द कानात घुमतो. हाव धरणारा, हात पसरणारा असा अर्थ प्रेक्षक नकळत लावून घेतो. वस्तुतः या नावाचे मूळ संस्कृतात नाही. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स यांच्या १८९१ मधील 'हायटा द शेफर्ड' या कथेत 'हॅस्टर' नावाचा देव प्रथम दिसतो. तेथे तो मेंढपाळांचा सौम्य, कृपाळू देव आहे. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्स यांनी 'द किंग इन यलो' या कथासंग्रहात ते नाव घेतले. मात्र तेथे ते व्यक्तीचे की स्थळाचे, हे धूसरच राहते. पुढे एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द व्हिस्परर इन डार्कनेस' या कथेत त्याचा ओझरता उल्लेख आला आणि लव्हक्राफ्ट यांचे अनुयायी ऑगस्ट डर्लेथ यांनी त्याला एका महाभयंकर, नाव घेण्यासही अयोग्य अशा शक्तीचे रूप दिले. मेंढ्या राखणारा देव चाळीस-पन्नास वर्षांत अनुच्चारणीय राक्षस बनला, हा साहित्याच्या इतिहासातील एक गमतीचा भाग म्हणावा लागेल.

यानंतरचा टप्पा 'तुंबाड'च्या दृष्टीने निर्णायक आहे. स्टीफन किंग यांची 'ग्रॅमा' ही कथा १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली व पुढील वर्षी 'स्केलेटन क्रू' या संग्रहात समाविष्ट झाली. भावाला दुखापत झाल्याने आई घराबाहेर गेली आहे. घरात एक लहान मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली भयावह आजी असे दोघेच उरले आहेत. आणि त्या आजीला निजविण्यासाठी याच देवाचे नाव घ्यावे लागते, असा त्या कथेचा गाभा आहे. 'तुंबाड'चा पहिला अध्याय ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे साम्य वेगळे दाखविण्याची गरज नाही. दोन्ही कथांमध्ये दुवा आहे तो मराठी भयकथेचा. नारायण धारप (१९२५-२००८) यांनी इंग्रजी भयसाहित्याच्या, विशेषतः किंग यांच्या लेखनाच्या छायेत विपुल मराठी लेखन केले, हे त्यांच्या वाचकांना परिचित आहे. १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राने धारपांची एक कथा सांगितली आणि तेथून या चित्रपटाचे बीज मनात पडले, असे बर्वे यांनी सांगितले आहे. चित्रपटाचे गावही साहित्यातूनच आले. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही द्विखंडात्मक कादंबरी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्रपटाने तिचे कथानक घेतलेले नाही. घेतले आहे ते केवळ गावाचे नाव आणि त्या नावाभोवती मराठी वाचकाच्या मनात साचलेले एका जुन्या, ढासळत्या घराण्याचे वातावरण.

कोकणातील मातीत रुजलेला वाटणारा हा देव अशा प्रकारे कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि पुणे अशी वाट चालून आला आहे. यात चित्रपटाला कमीपणा येण्याचे कारण नाही. लोककथाही अशाच प्रवास करीत असतात. पंचतंत्राच्या कथा पश्चिमेला गेल्या तेव्हा त्यांनी तेथील प्राण्यांची आणि राजांची नावे घेतली. प्रश्न एवढाच की, आलेल्या पाहुण्याला घरातील माणूस म्हणून वागविण्यासाठी येथे काय केले गेले?

परकीय नाव, देशी अस्थी

पहिली युक्ती विस्मृतीची आहे. हस्तर पुराणात का सापडत नाही, याचे उत्तर त्याच्या कथेतच देऊन ठेवले आहे : त्याला विसरले जावे अशी अटच होती. सामान्यतः पुराव्याचा अभाव हा एखाद्या परंपरेच्या दाव्याला बाधक ठरतो. येथे मात्र अभाव हाच पुरावा बनतो. जितका शोध घ्यावा आणि जितके काही सापडू नये, तितकी कथा खरी वाटू लागते. इतिहासाच्या अध्यापकांना ही तर्करचना ओळखीची वाटेल. 'हे मुद्दाम दडपले गेले' या शब्दांनी सुरू होणाऱ्या अनेक लोकप्रिय दाव्यांची घडण नेमकी अशीच असते आणि विद्यार्थ्यांना ती दाखवून देण्यासाठी 'तुंबाड'सारखे निरुपद्रवी उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरे असे की, पूजेपासून वंचित झालेला देव ही कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नाही. ब्रह्मदेवाला शापामुळे पूजा मिळत नाही, ही कथा पुराणांत आहे आणि त्याची मंदिरे विरळ असण्याचे कारण म्हणून ती सर्वत्र सांगितली जाते. लक्ष्मीची ज्येष्ठ भगिनी ज्येष्ठा किंवा अलक्ष्मी हिचे उदाहरण तर अधिकच जवळचे आहे. दक्षिण भारतात एके काळी तिच्या मूर्ती घडविल्या जात, पुढे तिची उपासना मागे पडली. समृद्धीच्या नात्यातील, वयाने मोठे पण नकोसे झालेले दैवत असा एक साचा येथे आधीपासूनच तयार होता. हस्तर हा देवीचा 'पहिला' पुत्र असणे हे त्या साच्यात चपखल बसते. चित्रपटाने देवांची संख्या मात्र तेहतीस कोटी न ठेवता सोळा कोटी ठेवली आहे. ही नवी संख्या जाणीवपूर्वक निवडली असेल, तर तो प्रेक्षकाला दिलेला एक सूक्ष्म इशाराच होय. परंतु फारच थोड्या प्रेक्षकांनी तो घेतला, असे दिसते.

तिसरा घटक कर्मकांडाचा असून चित्रपटाची खरी ताकद तेथेच आहे. विनायक दोरीने विहिरीत उतरतो, गर्भात पोहोचतो, स्वतःभोवती पिठाचे रिंगण आखतो आणि कणकेची बाहुली पुढे करतो. भुकेला हस्तर त्या बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या लंगोटातील मुद्रा झटकून घ्यायच्या आणि जीव घेऊन वर चढायचे. या कृतीतील प्रत्येक वस्तू मराठी घरातील आहे. जिवंत बळीऐवजी पिठाचा पशू अर्पण करण्याची 'पिष्टपशू' ही प्रथा धर्मशास्त्रीय वादाचा विषय झालेली आहे. जैन परंपरेतील यशोधराच्या कथेत पिठाच्या कोंबड्याचा बळी हेच सर्व अनर्थाचे मूळ ठरते. दृष्ट काढणे, उतारा टाकणे, रिंगण आखणे या गोष्टी तर खेड्यातील कोणालाही समजावून सांगाव्या लागत नाहीत. मंदिराच्या अंतर्भागाला आपण 'गर्भगृह' म्हणतो, पण त्या शब्दातील 'गर्भ' आपल्याला ऐकू येत नाही. चित्रपटाने तो शब्द अक्षरशः घेतला आणि लाल, ओल्या, स्पंदन पावणाऱ्या भिंतींची एक जागा उभी केली. परकीय नाव या देशी अस्थींवर चढविल्यावर ते परके राहिले नाही.

यात आणखी एक अर्थ दडलेला आहे. हस्तरला जे हवे ते धान्य, आणि त्याच धान्याचे पीठ विनायकाचे रक्षण करते. ज्याच्याकडे सोने आहे तो उपाशी आणि ज्याच्याकडे चिमूटभर पीठ आहे तो सोन्याचा धनी होतो, असा हा व्यवहार आहे. तो अद्भुत आहे हे खरे. पण त्यामागील हिशेब बाजारातल्यासारखाच आहे.

गुप्तधनाचे वास्तव

येथे थोडे थांबून चित्रपटाबाहेर पाहणे आवश्यक आहे. जमिनीत पुरलेले धन, त्यावर पहारा देणारा नाग किंवा राखणदार आणि ते मिळविण्यासाठी द्यावा लागणारा बळी ही कल्पना महाराष्ट्रात केवळ गोष्टींपुरती राहिलेली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या ऑगस्ट २०१३ मधील हत्येनंतर आधी अध्यादेश आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा झाला. नरबळी व अन्य अमानुष, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणाऱ्या या कायद्याच्या अनुसूचीत, गुप्तधन वा मौल्यवान वस्तू यांच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट समावेश आहे. कायद्याला ज्याची नोंद घ्यावी लागली, ते समाजात घडत होते, हे उघड आहे. 'तुंबाड'मध्ये बळी पिठाचा आहे आणि कथेचा रोख धनाच्या मोहाविरुद्ध आहे, त्यामुळे चित्रपटाने या प्रथेला बळ दिले असा आरोप न्याय्य ठरणार नाही. तथापि 'रीत नेमकी पाळली तर धन मिळते' हा विश्वास कथेत शेवटपर्यंत अबाधित राहतो, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. विनायक फसतो तो रीत खोटी असल्यामुळे नव्हे, तर ती ओलांडल्यामुळे. हस्तर कल्पित आहे हे वर्गात स्पष्टपणे सांगण्याची गरज या ठिकाणी केवळ वाङ्मयीन राहत नाही.

गुप्तधनाला कायद्याची आणखी एक बाजू आहे आणि ती कथानकाशी थेट जोडता येते. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. विनायक दर खेपेस थोड्याच मुद्रा आणतो, त्या पुण्यातील राघव या एकाच व्यापारी-सावकाराकडे मोडतो आणि आपली वाट कोणालाही कळू देत नाही. चित्रपट या गुप्ततेचे कारण हस्तरच्या भीतीत आणि मत्सरात शोधतो. इतिहासाच्या जाणकाराला मात्र जिल्हाधिकाऱ्याची कचेरीही तेवढीच दिसेल.

१९१८, १९३३, १९४७ : सनावळीचा उपयोग

भयकथेला सहसा सनाची गरज नसते. 'फार वर्षांपूर्वी' एवढे तिला पुरते. 'तुंबाड'ने मात्र तीन नेमकी वर्षे पडद्यावर लिहिली आहेत. सन लिहिले की कथा इतिहासाच्या न्यायालयात उभी राहते. तेथे ती कितपत टिकते हे पाहिले पाहिजे.

१९१८ बाबत चित्रपटाचा इतिहासाशी फारसा संबंध नाही. हे वर्ष पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीचे, तसेच इन्फ्लुएंझाच्या महामारीचे. जूनमध्ये मुंबईत शिरलेली ही साथ सप्टेंबरपासून अतिशय घातक बनली आणि देशभरात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. त्याच वर्षी मोसमी पाऊस देशभर इतका अपुरा पडला की, ते वर्ष विसाव्या शतकातील तीव्र अवर्षणाच्या वर्षांत गणले जाते. अखंड पावसाच्या शापाची कथा नेमकी याच वर्षात ठेवली जावी, हा विलक्षण योगायोग आहे. आई मुलाला घेऊन तुंबाडच्या मृत्यूपासून पुण्याच्या सुरक्षिततेकडे जाते. परंतु त्या वर्षी शहरे सुरक्षित नव्हती. चित्रपटकर्त्यांना यातील काहीही अभिप्रेत नसावे. ज्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे पावसाला शाप म्हणावेसे वाटणे समजण्याजोगे आहे, आणि सुमारे चार पावसाळे प्रत्यक्ष पावसात चित्रीकरण करणाऱ्या चमूला तर ते अधिकच पटले असेल.

१९३३ मध्ये मात्र कथा आणि इतिहास आश्चर्यकारकपणे जुळतात. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णपरिमाणाचा त्याग केला. रुपया पौंडाशी बांधलेला असल्याने दोन्ही चलनांचे मूल्य सोन्याच्या तुलनेत घसरले आणि हिंदुस्थानात सोन्याचा भाव चढला. त्याच वेळी जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. सारा आणि कर्जाचे हप्ते मात्र कमी झाले नव्हते. परिणामी शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले दागिने सराफाकडे व सावकाराकडे मोडले आणि १९३१ नंतरच्या काही वर्षांत हे सोने फार मोठ्या प्रमाणात बोटींनी लंडनकडे गेले. सोने महाग, धान्य स्वस्त आणि तरीही माणसे उपाशी, अशी ती अवस्था होती. सोने आणि धान्य यांची एकच देवी कल्पून तिच्या पुत्राला एक देऊन दुसरे नाकारणाऱ्या कथेसाठी याहून समर्पक वर्ष सापडणे कठीण. विनायकाची मुद्रा पारखणारा आणि दुसरीकडे अफूच्या परवान्यासाठी इंग्रज अधिकाऱ्याची मनधरणी करणारा राघव हा निव्वळ खलपुरुष नाही. वसाहतकालीन अर्थव्यवस्थेत गावातील सोने आणि साम्राज्याचा परवाना यांच्या मध्ये उभा असलेला मध्यस्थ तो आहे. विनायकाच्या मागे तुंबाडला जाऊन तो गर्भात उतरतो आणि रीत ठाऊक नसल्याने नष्ट होतो. सोन्याचे मोल जाणणाऱ्या माणसाला ते निघते कोठून हे ठाऊक नसते, एवढे या प्रसंगातून स्पष्ट होते.

तिसऱ्या अध्यायातील १९४७ हे वर्ष अर्थातच प्रतीक म्हणून निवडले आहे. देश स्वतंत्र झाला आहे आणि तुंबाडचा वाडा आता सरकारजमा होणार असल्याचे विनायकाला कळते. येथे चित्रपटाने इतिहास थोडा घाईने पुढे ओढला आहे. कोकणातील खोतीचे उच्चाटन स्वातंत्र्याबरोबर आपोआप झाले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला आणि १९५० मध्ये अमलात आला. तथापि 'सरकार' या एकाच शब्दावर चित्रपटाने जो खेळ केला आहे तो दाद देण्याजोगा आहे. पहिल्या अध्यायात सरकार म्हणजे वाड्याचा धनी. तिसऱ्यात सरकार म्हणजे वाडा ताब्यात घेणारी राज्यसंस्था. शब्द तोच राहतो आणि मालक बदलतो.

वाड्यात नसलेली माणसे

या सनावळीच्या कसोटीवर चित्रपटाची सर्वांत मोठी उणीवही उघड होते. तुंबाडमध्ये कुळे नाहीत. वाडा आहे, धनी आहे, सेविका आहे, खजिना आहे. पण ती जमीन कसणारे एकही कुटुंब पडद्यावर ठसत नाही. खोताच्या वैभवाचा उगम देवीच्या गर्भात नव्हता, तर कुळांकडून वसूल होणाऱ्या मक्त्यात, फाळ्यात आणि वेठबिगारीत होता. ज्या १९३३ मध्ये विनायक विहिरीत उतरतो, त्याच वर्षीच्या २७ ऑक्टोबरला अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला आणि तो संप सुमारे सहा वर्षे चालला. शेते पडीक राहिली, कुटुंबांनी अर्धपोटी दिवस काढले, पण नांगर धरला नाही. सोने आणि धान्य यांच्या संघर्षाची कोकणातील खरी कथा ही होती. चित्रपटाने जमिनीतून निघणाऱ्या संपत्तीचे रहस्य एका घराण्याच्या विहिरीत ठेवले आणि ती विहीर ज्या गावात आहे ते गाव जवळजवळ रिकामे केले. 'तुंबाडचे खोत' या कादंबरीचे गाव घेताना 'खोत' हा शब्द वगळला गेला, त्याचा परिणाम कथानकापर्यंत पोहोचला आहे.

याचे एक कारण कथनपद्धतीत सापडते. हस्तरची कथा चित्रपटात कोणी पुरोहित सांगत नाही, कोणत्याही पोथीत ती वाचली जात नाही. ती फक्त एक बाप आपल्या मुलाला सांगतो. म्हणजे या मिथकाचे एकमेव प्रमाण ते घराणेच आहे. महाराष्ट्रात कुलवृत्तांत लिहिण्याची मोठी परंपरा आहे आणि त्यांतून मूळ पुरुषाच्या पराक्रमाबरोबर त्याला मिळालेल्या दैवी कृपेच्या हकिकतीही येतात. संपत्ती कोठून आली याचे उत्तर तेथे बहुधा देव, स्वप्न किंवा साधू देतो. कूळ क्वचितच देते. 'तुंबाड'मधील कथा या दृष्टीने एका घराण्याचा काळवंडलेला कुलवृत्तांत ठरते. सांगणाऱ्याला जे दिसत नाही ते श्रोत्यालाही दिसत नाही.

घराण्यातील वारसा रक्ताप्रमाणे फिरतो, हे चित्रपटाने एका विलक्षण पात्रयोजनेतून सुचविले आहे. पांडुरंगाची भूमिका करणारा मोहम्मद समद हा बालकलाकारच दुसऱ्या अध्यायातील, अंगातून झाड उगवलेल्या आजीच्या रंगभूषेखाली आहे. घराण्याची सर्वांत जुनी बळी आणि सर्वांत नवा वारस यांचे शरीर एकच आहे. पाहताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि कळल्यानंतर तिसरा अध्याय पूर्वीसारखा पाहता येत नाही.

त्या अध्यायात पांडुरंगाला निष्पाप बालक समजण्याची चूक अनेक परीक्षणांत झालेली आढळते. थोड्या मुद्रांऐवजी हस्तरचा लंगोटच पळवावा आणि त्यासाठी एक नव्हे, अनेक बाहुल्या न्याव्यात, ही कल्पना त्याचीच आहे. बापाने कष्टाने शिकलेली रीत मुलाने अधिक किफायतशीर करून दाखविली, असेच तिचे स्वरूप आहे. गर्भात उतरल्यावर प्रत्येक बाहुलीमागे एकेक हस्तर उभा राहतो. तेव्हा विनायक सर्व बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून वर चढू लागतो, त्या सर्वांना आपल्यामागे ओढतो आणि मुलाला निसटण्यास वाट करून देतो. बाहेर पडल्यावर विद्रूप झालेला बाप हाती लागलेला लंगोट मुलापुढे धरतो. पांडुरंग तो घेत नाही. तो बापाला अग्नी देतो आणि पावसात एकटाच गावाबाहेर चालू लागतो. हस्तर मात्र गर्भात तसाच आहे, वाडा लवकरच सरकारचा होणार आहे आणि विहिरीत उतरण्याची संपूर्ण रीत त्या मुलाला तोंडपाठ आहे.